ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, मातांसाठी वेगळी प्रसूतिसेवा कशाला? सरकारी दवाखाने पुरत नाहीत का?

दवाखाने आहेत, पण तिथे पाऊल टाकायची भीती वाटते, हा खरा अडसर आहे. विसाव्या शतकात, साधारण 1970 पर्यंत, सरकारी यंत्रणेने ॲबोरिजिनल मुलं आईबापांपासून हिरावून नेली. काही बाळं तर थेट प्रसूतिगृहातून. संसदेत माफी मागितली गेली ती 2008 साली. जिच्या आजीचं बाळ असं गेलं, ती पोटुशी असताना तपासणीला उशिरा आली, तर दोष तिचा कसा?

न्यू साउथ वेल्समध्ये 2001 पासून प्रशिक्षित सुईण आणि ॲबोरिजिनल आरोग्यसेविका जोडीने काम करतात. घरी जातात, बाळंतपणानंतरही काही आठवडे लक्ष ठेवतात. सेविका समाजातलीच असल्याने, डॉक्टरांसमोर न निघणारे विषय तिच्याशी बोलताना सहज निघतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ब्रिस्बेनचा प्रयोग. 2013 मध्ये दोन ॲबोरिजिनल आरोग्यसंस्था आणि एक मोठं प्रसूती रुग्णालय एकत्र आले. प्रत्येक बाईला तिची ठरलेली सुईण मिळते, रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, ने-आण करायला गाडी असते. सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासात या सेवेतल्या मातांमध्ये अकाली प्रसूती 6.9 टक्के, तर नेहमीच्या सेवेत 11.6 टक्के आढळल्या. औषधं, यंत्रं तीच; फरक ओळखीच्या माणसाचा, आणि कारभारात समाजाचा स्वतःचा शब्द चालण्याचा. ॲलिस स्प्रिंग्ज या गावातल्या ॲबोरिजिनल आज्या तर 1980 च्या दशकातच हे मागत होत्या. त्यातूनच तिथलं ‘अलुकुरा’ केंद्र उभं राहिलं.