रोजच्या लिनक्स सर्व्हरकामात खरंच उपयोगी पडतील अशा कमांड-लाइन युक्त्या कोणत्या?

कंट्रोल-आर (जुनी कमांड शोधणं), ‘सुडो !!’ (मागचीच कमांड ॲडमिनच्या हक्कानं पुन्हा चालवणं) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. डिस्क भरली की मोठा लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) ‘आरएम’ या डिलीट कमांडने उडवायचा आणि तरी जागा सुटली नाही की रीबूट मारायचा, या पद्धतीशी माझं जुनं वैर आहे. म्हणून बाकीचं सोडून तेवढंच सांगतो.

समजा, डिस्क किती भरली हे सांगणारं ‘डीएफ -एच’ १०० टक्के दाखवतंय. १८ जीबीचा लॉग उडवला, तरी आकडा ढिम्म हलत नाही. फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र कमी भरते. ‘आरएम’ने फक्त डिरेक्टरीतलं नाव जातं. ज्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रॅमनं) फाइल उघडून धरली आहे ती सोडेपर्यंत कर्नल (सिस्टिमचा गाभा) डिस्कवरचे ब्लॉक मोकळे करत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ मारा. नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली दिसतील. त्यातला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि एफडी (तिनं उघडलेल्या फाइलचा क्रमांक) टिपून घ्या. एफडीखाली ‘७डब्ल्यू’ असेल तर ७. सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. ते परवडणारं नसेल तर फाइल तिथंच रिकामी करा, पीआयडीच्या जागी टिपलेला आकडा घालून: ‘सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/पीआयडी/एफडी/७’. इथं ‘>’ वापरू नका, कारण रीडायरेक्शन (या चिन्हानं फाइलीत लिहिणं) सुडोच्या नव्हे तर तुमच्या शेलच्या हक्कानं होतं आणि परवानगी नाकारली जाते.

मुळात चालू लॉग ‘आरएम’ करूच नये, जागच्या जागी ट्रंकेट (रिकामा) करावा. प्रोग्रॅम अपेंड मोडमध्ये (कायम फाइलीच्या शेवटी) लिहीत नसेल तर पुढचं लिखाण जुन्याच ऑफसेटला (फाइलीतल्या जागेला) पडतं आणि ‘एलएस -एल’ पुन्हा १८ जीबी दाखवतं. घाबरू नका, मधे नुसतं भोक असतं, डिस्कवर जागा न खाणारं. खरा आकार ‘डीयू’ सांगतं.

जागा कोणी खाल्ली हे शोधायला ‘डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच’. ‘एक्स’ विसरलात तर ते दुसऱ्या माउंटमध्ये (जोडलेल्या दुसऱ्या डिस्कमध्ये) भटकत बसतं. जागा शिल्लक असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं तर ‘डीएफ -आय’ बघा, बारीकसारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) संपवलेले असतात.

हो, एक राहिलं. ट्रंकेट केलेलं परत येत नाही. लॉग ऑडिटचा असेल तर आधी त्याच /प्रॉकच्या वाटेनं ‘सीपी’ (कॉपी) करून दुसऱ्या डिस्कवर घ्या. प्रोसेस जिवंत आहे तोवरच हे जमतं. रीबूट मारणाऱ्याच्या हातून नेमकी तीच फाइल जाते.