शस्त्रक्रिया आधी की दुसरं बाळ?

ताई, मी ३३ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. आई ४१व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली. मावशीचं ४६व्या वर्षी ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट करायला लावली. पाठोपाठ मीही केली. बीआरसीए-१ पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष निघाला. अजून मला काहीही झालेलं नाही, पण दोन्ही स्तन आधीच काढून टाकावेत असं मनात येतं. सासूबाई म्हणतात, धडधाकट शरीराला कोणी कात्री लावतं का? नणंद म्हणते, हे अँजेलिना जोलीचं फॅड. नवरा ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून मोकळा. चार वर्षांची मुलगी आहे, दुसरं मूल हवंय. बाबांचं म्हणणं, धाकटीचं लग्न ठरेपर्यंत हे कुणाला कळू द्यायचं नाही, तिलासुद्धा. मी उगाच घाबरतेय का?
– एक वाचक, नाशिक

अगं, उगाच कशी? तुझ्यासारखा रिपोर्ट असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के धरतात. आई आणि मावशी, दोघींचं पाहिल्यावर तुला तो नुसता आकडा वाटणार नाही. एक मात्र आधी बघून घे: रिपोर्टवर ‘पॅथोजेनिक’, म्हणजे रोगाला कारण होणारा बदल, असा स्पष्ट शेरा आहे ना? काही रिपोर्टमध्ये बदल सापडतो पण त्याचा अर्थ लागलेला नसतो. तेवढ्यावर कुणी ऑपरेशन करत नाही.

तुझा शेरा स्पष्ट आहे असं धरून पुढे लिहिते. तुझ्या पत्रात स्तनांबद्दल सगळं आहे, अंडाशयाबद्दल अक्षर नाही. बीआरसीए-१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यताही ४४ टक्क्यांच्या आसपास असते, आणि माझ्या मते तुझी खरी घाई तिथे आहे. स्तनावर नजर ठेवता येते: दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी. अंडाशयासाठी अशी भरवशाची तपासणीच नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ची रक्तचाचणी करून तो वेळेत सापडेल याची खात्री देता येत नाही. म्हणून मुलं झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय आणि गर्भनलिका काढून टाकायला सांगतात. नणंदेला सांग, जोलीबाईंनी २०१३ मध्ये स्तनांचं ऑपरेशन जाहीर केलं ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. २०१५ मध्ये त्यांनी अंडाशय आणि नलिकाही काढून घेतल्या, ते फारसं कुणी बोलत नाही. त्यांच्याकडेही बीआरसीए-१ च होता.

आता बाळाचं. तू ३३ ची आहेस, म्हणजे दुसरं मूल हवं असेल तर हा विषय पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. स्तन काढल्यावर अंगावर पाजता येणार नाही. तुला पाजायचं असेल तर आधी बाळ, मग ऑपरेशन असा क्रम लागेल. पण गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात एमआरआय-मॅमोग्राफीचं वेळापत्रक विस्कटतं, आणि तुझ्या आईला हे फार लवकर झालं. त्यामुळे दिवस राहण्याआधी एकदा पूर्ण तपासणी करून घे आणि मधल्या महिन्यांत काय करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घे. बाळाकडे हा दोष जाण्याची शक्यता निम्मी असते; आयव्हीएफ करून गर्भ तपासण्याची सोय आहे, हवी असेल तर विचार. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये यासाठी जेनेटिक क्लिनिक आहे. नवऱ्याला घेऊनच जा.

स्तनांच्या ऑपरेशनची मात्र सक्ती नाही. त्याने धोका नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो. शून्य होत नाही, कारण थोड्या पेशी मागे राहतातच. तपासणी करत राहणं हाही शहाणपणाचा रस्ता आहे. फक्त तपासणी कॅन्सर लवकर शोधते, टाळत नाही, आणि लवकर सापडला तरी केमो लागू शकते. काही जणींना दर वर्षी रिपोर्टची वाट बघणं झेपतं, काही जणी त्या आठवड्यात जेवत नाहीत. तू कुठल्यातली, हे सासूबाईंना कसं कळणार?

काढायचं ठरवलंस तर गोड गोड ऐकून टेबलावर जाऊ नकोस. त्वचा, कधी स्तनाग्रही राखून आत इम्प्लांट घालतात किंवा पोटाची चरबी-कातडी वापरून नवा आकार देतात. आकार येतो, स्पर्शाची जाणीव बहुतेक जाते. हे लग्नाच्या नात्यात मोठं आहे, म्हणून नवऱ्याशी आधी बोल, तेही दिवे लावून, समोरासमोर. काही वर्षांनी इम्प्लांट बदलावे लागू शकतात. सुरुवातीला जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, मग काही आठवडे मुलीला कडेवर घेणं बंद. तेव्हा घरचं कोण बघणार, हे ‘योग्य वाटेल ते कर’ म्हणणाऱ्यानेच सांगायचं. अंडाशय काढल्यावर पाळी एकदम जाते; हाडांचं आणि काही काळ हार्मोन देता येतील का याचं तेव्हाच विचारून ठेव. विमा कंपनीलाही आधीच लेखी विचार. आजार नसताना केलेलं ऑपरेशन म्हटलं की तिथे हुज्जत होऊ शकते.

सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. त्यांना भीती वाटतेय, इतकंच. एकदा डॉक्टरांसमोर बसव.

बाबांचं मात्र ऐकू नकोस. धाकटीलाही निम्मी शक्यता आहे आणि ती सज्ञान आहे. वर्षाला एमआरआय पंचविशीपासून सुरू करतात. स्थळं बघण्यात तिची ती वर्षं घालवायचा हक्क बाबांना नाही. टेस्ट करायची की नाही, मुलाकडच्यांना कधी सांगायचं, हे ती ठरवेल. आईच्या भावंडांपैकी कुणी मामा असेल तर त्यालाही कळव. स्वतः ठणठणीत राहून तो हे मुलींना देऊ शकतो. तुझ्या चिमुरडीची टेस्ट आत्ता नको, ती मोठी होऊन स्वतः ठरवेल. धाकटीला सांगशील तेव्हा तुझ्या रिपोर्टची झेरॉक्स हातात दे. नेमका कुठला बदल शोधायचा ते लॅबला कळलं की तेवढाच तपासतात, आणि खर्चही कमी येतो.