'चार्ज'चे अर्थ पाठ करू नको, भार कुणी कुणावर चढवला ते बघ

तुझी अडचण थोडक्यात अशी, की सराव पेपरात 'चार्ज'चा समानार्थी शब्द विचारला होता. पर्यायांत फी, ॲक्यूज, अटॅक आणि लोड असे चारही होते, आणि डिक्शनरी उघडली तर अर्थांची ही रांग. आता वीस अर्थ पाठ करायचे का?

अजिबात नको. वाक्य न देता विचारलं असेल तर चारही पर्याय बरोबर आहेत आणि प्रश्नच चुकीचा आहे, सरळ हरकत घे. वाक्य दिलं असेल तर पुढचं वाच.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'कॅरस', म्हणजे चाकाची गाडी. गाडीत माल भरणं हा पहिला अर्थ. 'कॅरी' आणि 'कार्गो' त्याच घरातले. म्हणजे मुळात भार चढवणं. आता आपण मराठीत काय काय चढवतो बघ : सातबाऱ्यावर बोजा चढवतो, शत्रूवर हल्ला चढवतो. 'आरोप' या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ वर ठेवणं, चढवणं असाच आहे. एवढं डोक्यात बसलं की प्रत्येक वाक्यात एकच विचारायचं : भार कसला, आणि कुणावर?

मी इथं दस्तांची आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तर खालच्या कोर्टातले मराठी कागद इंग्रजीत करून मागणारे वाढलेत. त्यात हा शब्द रोज भेटतो, आणि सगळ्यात जास्त भेटतो तो सातबाऱ्यावर. घरी ऊस असेल तर तुमचाच उतारा काढ आणि 'इतर अधिकार' या रकान्यात बघ. विकास सोसायटीचा बोजा, खाली रक्कम आणि फेरफार नंबर. हा बोजा म्हणजे कायद्याच्या इंग्रजीतला 'चार्ज'. सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ४८ प्रमाणे कर्ज घेताना सभासद आपल्या जमिनीवर तो लिहून देतो. कर्ज फिटलं, बेबाकी दाखला, म्हणजे येणं बाकी नसल्याचा कागद, दिला, की बोजा कमी होतो. इथं बरेच जण 'मॉर्गेज' लिहून मोकळे होतात, पण ते गहाण झालं. गहाणात मिळकतीतला काही हक्क सावकाराकडे जातो, बोजात तसा जात नाही. मिळकत फक्त त्या पैशाला तारण म्हणून बांधलेली राहते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मध्ये दोन्हींची कलमंही वेगळी आहेत, गहाणाचं ५८ आणि बोजाचं १००. आणि इथं 'फी' लिहिलंस तर जमीन सोडवायला वकील लागेल.

पैशाच्या अर्थासाठी घरातलं लाईट बिल काढ. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. हे सगळे 'चार्ज'. त्यांच्याच खाली 'वीज शुल्क' असतं, ती मात्र 'ड्यूटी', म्हणजे सरकारचा कर. एकाच कागदावर 'आकार' आणि 'शुल्क' असे दोन शब्द उगाच नाहीत. महावितरणच्या बिलाचं मराठी पुष्कळ पुस्तकांपेक्षा काटेकोर आहे, हे माझं जुनं मत. बाकी पैशाचे शब्द पटकन : डॉक्टर-वकिलाची 'फी', केएमटी बसचं 'फेअर', वस्तूची 'प्राइस', ती बनवायला आलेली 'कॉस्ट', नियम मोडल्याचा 'फाइन'. 'टोल' कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही, आंदोलन करून घालवलाय आपण.

आता आरोप. इथं पेपरवालेही घोळ घालतात. गुन्हा दाखल झाला म्हणजे एफआयआर. त्याला 'चार्ज्ड' म्हणू नये. पोलिस तपास करून कोर्टात देतात ते दोषारोपपत्र, म्हणजे 'चार्जशीट'. १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातं, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७३ खाली जायचं. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश दोषारोप निश्चित करतात, तो खरा 'चार्ज'. इंग्लंडमध्ये पोलिस ठाण्यातच माणसाला 'चार्ज' करतात, म्हणून तिकडच्या बातम्या वाचून आपल्याकडचं भाषांतर करायला गेलं की फसगत होते. समानार्थी म्हणून 'ॲक्यूज' चालेल, पण तो कुणीही कुणावर करू शकतो, शेजारीणसुद्धा. आणि पुढचं शब्दयोगी लक्षात ठेव : ॲक्यूज ऑफ, चार्ज विथ, ब्लेम फॉर. परीक्षेत गुण इथंच जातात.

हल्ल्याच्या अर्थाचं मूळ बंदुकीत असावं असं म्हणतात. बंदुकीत दारू भरणं म्हणजेही 'चार्ज'; आपल्याकडे ठासणीची बंदूक असते, त्यातलं ते ठासणं. भरलेलं हत्यार घेऊन धावून जाणं, तिथून चढाई. 'अटॅक' बसून, लांबून, अगदी लेख लिहूनही होतो. 'चार्ज'मध्ये अंगावर धावून जाणं हवंच. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच बघत असशील तर तिथंही हाच शब्द आहे : खांद्याला खांदा लावून बॉलसाठी दिलेली धडक. हात अंगाजवळ आणि जोर बेताचा असेल तर ती चालते. निष्काळजीपणे किंवा जादा जोर लावून दिली तर नियम १२ प्रमाणे डायरेक्ट फ्री किक. त्यावरून गॅलरीत किती वाद होतात ते तुला माहीतच असेल. 'लाठीचार्ज' मात्र अस्सल आपल्याकडचा जोडशब्द.

मोबाइल चार्ज करण्यात अवघड काही नाही, तिथंही भरणंच आहे. शास्त्राच्या पुस्तकात त्याला 'प्रभार' म्हणतात, धन आणि ऋण. तोच 'प्रभार' सरकारी ऑफिसात 'प्रभारी अधिकारी' होऊन बसतो, आणि 'चार्ज घेतला' म्हणजे पदभार स्वीकारला.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांत फरक काय. एका 'द'ने दिशा उलटी होते. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड' म्हणजे वॉर्ड नर्सच्या ताब्यात, भार तिच्यावर. 'द पेशंट इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजे पेशंटला तिच्यावर सोपवलंय. तू दुसऱ्या वाक्याचं 'पेशंट नर्सचा इनचार्ज आहे' असं केलंयस. तसं असतं तर आपल्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये सिस्टरांनी त्याला उठवून राउंडला पाठवला असता. पुढच्या वेळी पूर्ण वाक्य टाक, नुसता शब्द नको.