वाचकांचे प्रश्न : अ‍ॅफिलिएट करार संपल्यावर फोटो कोणाचे?

प्रश्न : कंपनीने अ‍ॅफिलिएट कार्यक्रम (तिच्या वस्तूंच्या लिंक साइटवर देऊन विक्रीमागे कमिशन मिळवण्याची योजना) बंद केला. तिचे फोटो माझ्या साइटवर आणि माझी परीक्षणे तिच्याकडे आहेत. आता काय करावे?

उत्तर : फोटो, लोगो आणि कंपनीने लिहिलेली वर्णने वापरण्याची परवानगी बहुधा करारापुरतीच असते. करार संपला की हे सगळे साइटवरून काढा, नुसती लिंक काढून भागत नाही, सर्व्हरवरच्या मीडिया फोल्डरमधल्या प्रतीही पुसा. वजन, मापे ही निव्वळ माहिती स्वतःच्या शब्दांत ठेवता येते.

परीक्षणे तुम्ही नोकरीत नसताना लिहिली असतील, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार सहसा तुमचीच. मात्र करारात ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘रद्द न होणारा’ परवाना दिलाय का, हे आधी तपासा. बहुतेकजण इथेच फसतात. लेखी परवान्यात मुदत नसेल तर ५ वर्षे, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरतात. कराराची प्रत आजच उतरवून ठेवा, कार्यक्रमासोबत ते पानही गायब होते.