घरचे फुटाणे फुटत का नाहीत?

प्रश्न : आमच्या शेतात दरवर्षी हरभरा होतो. मुलांना पुडीतल्या खाऊऐवजी घरचे फुटाणे द्यावेत असे फार मनात आहे. पण कढईत भाजलेले हरभरे वरून करपतात आणि आतून दगडासारखे राहतात. काबुली चणे ओव्हनमध्ये भाजून पाहिले, तर ते दुसऱ्याच दिवशी वातड झाले. नेमके काय चुकते?
– एक वाचक भगिनी, एरंडोल

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ आचेत नसून दाण्यातल्या पाण्यात आहे. पहिल्या वेळी ते कमी पडले, दुसऱ्या वेळी ते आत राहून गेले.

कोरडा हरभरा थेट तापल्या कढईत टाकला, तर साल करपते, पण दाणा फुलवण्याइतकी वाफ आत तयारच होत नाही. भडभुंजा हरभरे आधी थोडे ओलवून मुरू देतो आणि मगच भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत टाकतो. त्या उष्णतेने आतल्या ओलीची एकदम वाफ होते, दाणा फुगतो आणि साल तडकते. शिवाय वाळू दाण्याला सगळीकडून वेढत असल्यामुळे त्याला चहूबाजूंनी सारखी आच लागते, तर रिकाम्या कढईत तो जेथे टेकतो तेथेच भाजतो.

घरी वाळूचे काम जाडे मीठ उत्तम करते. हरभरा देशीच घ्यावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या विजय, विशाल, दिग्विजय यांपैकी कोणतेही वाण चालेल, मात्र दाणे चाळून एकसारख्या आकाराचे निवडावेत, नाहीतर बारीक दाणे करपेपर्यंत टपोरे कच्चेच राहतात. पाण्याला उकळी आणून गॅस बंद करावा, त्यात मीठ व हळद घालून हरभरे दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत आणि निथळून सुती कापडात चार-पाच तास गुंडाळून ठेवावेत. ही मुरवणी बहुतेक घरांत घाईपोटी गाळली जाते, आणि खरी गोम तीच आहे. एवढ्या वेळात पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचते आणि वरची साल कोरडी होते. साल कोरडी असली की मीठही दाण्याला चिकटत नाही.

त्यानंतर जाड बुडाच्या लोखंडी कढईत मीठ चांगले तापवावे. नॉनस्टिक भांडे या कामाला वापरू नये. एक दाणा टाकून पाहावा. तो थोड्याच वेळात तडतडून फुटला, तर मीठ तयार आहे. मग एका वेळी मूठभरच हरभरे घालून झाऱ्याने सतत हलवावेत, कारण जास्त घातले की मीठ थंड पडते आणि दाणे फुटण्याऐवजी नुसते वाळतात. दाणे फुटले, की चाळणीने मीठ खाली पाडून ते पुन्हा वापरावे. सालीत चोथा भरपूर असतो, त्यामुळे मोठ्यांनी ती काढू नये, असे माझे मत आहे.

काबुली चण्याची गोष्ट वेगळी. तो रात्रभर भिजवून शिजवलेला असल्यामुळे त्यात पाणी पुष्कळ असते. शिजल्यावर कापडावर पसरून तो पूर्ण कोरडा करावा, 200 अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास अधूनमधून हलवत भाजावा आणि ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवून आतच निवू द्यावा. कोमट असताना डब्यात भरला, तर त्याचीच वाफ त्याला मऊ करते. एवढे करूनही तो फुटाण्यांइतका टिकत नाही, म्हणून लागेल तेवढाच करावा. आपला खानदेशी काळा मसाला त्यावर फार छान लागतो. मात्र तो भाजून झाल्यावर लावावा, आधी लावला तर जळून कडवट होतो.

साधारण 30 ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि तेल जवळजवळ नसते. वर लिंबू पिळल्यास त्यातले लोह शरीरात अधिक शोषले जाते. पाच वर्षांखालील मुलांना मात्र अख्खे फुटाणे देऊ नयेत, दाणा घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी फुटाणे सोलून, बारीक दळून, ते पीठ दूध-गुळात कालवावे.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेले फुटाणे फारच पिवळे होते. ते खावेत का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : हळदीच्या पाण्यात मुरवलेला फुटाणा फिकट पिवळा दिसतो आणि त्यावर भाजल्याचे तपकिरी ठिपके असतात. सगळे दाणे एकसारखे झगझगीत पिवळे असतील आणि ओल्या बोटांना रंग लागत असेल, तर ते खाऊ नयेत. मेटॅनिल यलोसारखे स्वस्त रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास आपल्याकडे मनाई आहे, तरी भेसळीत ते आढळतात. शंका आली, तर नमुना जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवावा.