गाईची सुई आणि सात वर्षांची पोर

‘या सुईनं पुढं तिले लेकरू होईन ना?’ वयाआधी वयात येणाऱ्या मुलींचे आईबाप हा प्रश्न हमखास विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याने मात्र तो वेगळ्या वाटेने विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. छाती वर्षभरापासून वाढत होती. आईने शाळेच्या फ्रॉकला आतून जाड अस्तर शिवलं होतं, तेही उन्हाळ्यात. पोर घामाने भिजायची, पण दुपट्टा काढायची नाही. नागपूरला तपासण्या झाल्या. मेंदूच्या एमआरआयमध्ये काही निघालं नाही. मुलींमध्ये बहुतेक वेळा निघतही नाही. मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय मात्र दहाच्या पुढे गेलेलं. हाडं अशी लवकर पिकली की उंची लवकर थांबते. डॉक्टरांनी वयात येणं तूर्त थांबवणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी लिहून दिलं.

वडिलांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. जनावरांच्या औषधाच्या बाटलीचा फोटो होता, नाव ब्युसेरेलिन. ‘मॅडम, हे सुई आमच्या गाईले देल्ली होती, गाभण राहाले. औषध त्याच जातीचं हाये म्हणते. मंग माह्या पोरीले काऊन देऊन राह्यले?’

‘ते वेगळं असतं’ म्हणून मला सुटता आलं असतं. पण माणूस बरोबर बोलत होता. दोन्ही औषधं एकाच संप्रेरकाची भावंडं आहेत. आपल्या मेंदूत तयार होणारं ते जीएनआरएच, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि १९७७ मध्ये शॅली आणि गियमां या शास्त्रज्ञांना त्यासाठी नोबेल मिळालं.

मी त्यांना कोतवालाची दवंडी सांगितली. कोतवाल तास-दीड तासाने दवंडी देतो तेव्हा लोक बाहेर येतात. मेंदूही असाच थांबून थांबून निरोप धाडतो, म्हणून अंडाशय जागं होतं. तीच दवंडी रात्रंदिवस चालू राहिली तर? पहिल्या दिवशी सगळे धावत येतील, मग कोणी दारही उघडणार नाही. महिनाभर हळूहळू झिरपणारं इंजेक्शन हेच करतं. गाईला एकच हाक हवी असते, अंडं सुटण्यापुरती. पोरीला अखंड दवंडी, शरीराने तूर्त कान बंद करावेत म्हणून. याच गुणामुळे हे औषध एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारात) आणि पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगातही वापरतात.

‘पहिल्या दिवशी सगळे धावत येतील’ यावर आई अडली. तिचं अडणं योग्यच होतं. पहिल्या डोसानंतर काही दिवसांत थोडा रक्तस्राव होऊ शकतो, हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरून उपचारच सोडतात. सुईच्या जागी दुखतं, कधी गाठ येते, डोकं दुखतं. पण डोकेदुखी जोराची असेल, सोबत उलट्या किंवा अंधुक दिसणं असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच यायचं. हे मी दोघांकडूनही परत म्हणवून घेतलं.

आणि लेकरू? साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास सुई थांबवतात. मग शरीर पुन्हा आपल्या वाटेला लागतं, बहुधा वर्ष-दीड वर्षात पाळी येते. लहानपणी हे औषध घेतलेल्या मुली पुढे आई झाल्या आहेत. छाती लवकर दिसलेल्या प्रत्येक मुलीला मात्र ही सुई लागत नाही. काहींची वाढ संथ असते, त्यांच्यावर नुसती नजर ठेवली तरी चालतं. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मला खरी धास्ती होती ती वेचणीची. कापूस फुटला की घरातलं कोणी दवाखान्याच्या वाटेला फिरकत नाही, आणि तारीख लांबली की दवंडीत खंड पडतो. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर २८-२८ दिवस मोजून दिवाळीपर्यंत खुणा केल्या. तिसऱ्या सुईला ती पोरीला एकटीच घेऊन आली. ‘हे वेचाले गेले,’ म्हणाली. पोरीच्या फ्रॉकला अस्तर नव्हतं.