ओल्या पायांनी फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, काय करावं?

पुढचं सगळं नंतर वाचा. आधी उठा, पायात कोरडी रबरी चप्पल घाला, हात पुसा, फ्रिजचं बटण बंद करून प्लग काढा. आतलं दूध आणि भाजी आजच्यापुरती शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा.

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी जुना सिंगल डोअर फ्रिज घेतला आणि पावसाळा लागल्यापासून अनवाणी असताना त्याला हात लावला की झिणझिण्या येतात. फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढतो, आई तो उलथण्याने खरवडते. शिजवलेलं अन्न किती दिवस चालतं हे तुम्ही विचारलंय, आणि आधीचा बंद पडलेला फ्रिज पडवीत आहे, त्याचं कपाट करावं का, हेही. मी चिपळूणला फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. चारही गोष्टींचं सांगतो, पण पहिलीवर जास्त बोलणार आहे.

झिणझिण्या येतात म्हणजे फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरलाय. ‘थोडासा येतो, आता सवय झाली’ असं मला कितीतरी घरांत सांगतात. फ्रिजसमोर एक प्लास्टिकची चटई टाकलेली असते. ती चटई दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. कारण त्या घराने करंट मान्य केलेला असतो आणि सगळा जीव त्या चटईवर ठेवलेला असतो. एखाद्या दिवशी लादी पुसताना ती चटई बाजूला होते, लादी ओली असते, भांडी घासून हात ओले असतात. कोरड्या हातापायांना ज्याने झिणझिण्या येतात, तोच करंट ओल्या अंगातून कितीतरी जास्त जातो. हाताचे स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही. ज्या घरी हे झालं, तिथे नंतर फ्रिज तपासायला मला बोलावलं होतं.

फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्राच्या) मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, जुनं झालं, ओल शिरली, किंवा मागची वायर उंदराने कुरतडली की करंट बॉडीला लागतो. अर्थिंग, म्हणजे असा करंट जमिनीत नेणारी वेगळी वायर, नीट असेल तर तो तिथून जमिनीत निघून जातो, जास्त असेल तर एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडतो. तुमच्याकडे तो तुमच्या पायांतून जमिनीत जातोय. म्हणजे बिघाड दोन आहेत: एक फ्रिजमध्ये आणि दुसरा घराच्या अर्थिंगमध्ये. नुसता फ्रिज दुरुस्त केलात तर उद्या हेच वॉशिंग मशीनला होईल, गीझरला होईल.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे ना?’ असं लोक विचारतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. साधारण 6 किंवा 16 अँपिअरच्या वर गेल्याशिवाय तो पडत नाही, आणि माणसाच्या जिवाला अर्ध्या अँपिअरपेक्षाही खूप कमी करंट पुरतो. माणसासाठी आरसीसीबी असतो, 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअर. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक दिसला की तो क्षणात लाईन तोडतो. घर भाड्याचं आहे असं तुम्ही म्हणता, तर मालकाशी बोला. नाहीच ऐकलं तर स्वतःच्या पैशाने बसवा आणि घर सोडताना काढून न्या. बसवल्यावर त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्याबरोबर लाईन गेली पाहिजे.

वायरमनला बोलावलंत की त्याला सॉकेट उघडायलाच लावा. टेस्टर लावून ‘ठीक आहे’ म्हणाला तर मानू नका. होल्डरमधला बल्ब फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थ यांच्यामध्ये लावला आणि तो पेटला, तरीही मानू नका. असं का म्हणतो ते सांगतो. एका घरी असाच बल्ब लख्ख पेटला होता. सॉकेट खोललं तर अर्थच्या वरच्या पिनेपासून न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) पिनेला बोटभर वायरचा तुकडा जोडलेला. अर्थिंगची वायर भिंतीत आलेलीच नव्हती! ही फार वाईट खोड आहे. जोपर्यंत न्यूट्रल शाबूत आहे तोपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. कुठे न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की पूर्ण 230 व्होल्ट त्या तुकड्यातून फ्रिजच्या पत्र्यावर येऊन बसतात. तुमच्या सॉकेटमध्ये असा तुकडा निघाला तर तो काढायला लावा, आणि खरं अर्थिंग येईपर्यंत तिथे काहीही लावू नका.

प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती इतर दोघींच्या आधी आत जाऊन अर्थला टेकावी म्हणून. ती कापून टू पिनमध्ये घुसवलेले प्लग मी पाहिलेत. एक्स्टेंशन बोर्डावर आणि मल्टिप्लगवरही फ्रिज चालवू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, सैल जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं. प्लगला हात लावून तो गरम लागतोय का, एवढं अधूनमधून बघत जा.

तुमचा फ्रिज जुना घेतलेला आहे म्हणून एक शंका मनात येते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणात शिरलं, तेव्हा शेकडो घरांतले फ्रिज चिखलात लोळले. त्यातले काही धुऊनपुसून पुढे विकले गेले. फक्त आमच्याकडचेच असं नाही, पूर येतो त्या प्रत्येक गावात हे होतं. तुमचा फ्रिज भिंतीपासून ओढा (प्लग काढलेलाच आहे) आणि टॉर्च घेऊन मागे खाली बघा. पत्र्यावर एका उंचीला आडवी गंजाची रेघ आहे का? खालच्या बिजागरीच्या खोबणीत, कॉम्प्रेसरच्या पायांच्या रबरांजवळ वाळलेला बारीक गाळ आहे का? हिरवी वायर ज्या स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते तो स्क्रू गंजलाय का? यातलं काही दिसलं तर मेकॅनिकला तसं आधीच सांगा, म्हणजे तो मेगर लावून बॉडी आणि वाइंडिंगमधलं इन्सुलेशन मोजेल. रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग) किंवा थर्मोस्टॅट (आतलं तापमान सांभाळणारा स्विच) बदलायला फार खर्च येत नाही. पण कॉम्प्रेसरच बॉडी झालेला असेल, म्हणजे त्याच्या वाइंडिंगचाच करंट पत्र्याला लागत असेल, तर त्या जुन्या फ्रिजमध्ये पैसे घालू नका, असं मी तरी सांगेन.

आता बर्फ. आईंना उलथणं खाली ठेवायला सांगा. सिंगल डोअरच्या फ्रीजरची ती पातळ ॲल्युमिनियमची भिंत म्हणजेच फ्रिज थंड करणाऱ्या गॅसची नळी असते. दोन पत्रे एकावर एक दाबून मधे गॅस फिरायला वाट ठेवलेली असते. बोट फिरवलंत तर त्या उंचवट्याच्या रेघा हाताला लागतील. उलथण्याचं टोक तिथे घुसलं की फुस्स आवाज येतो आणि गॅस जातो. नंतर डाग मारून भरलेला गॅस बऱ्याचदा काही महिन्यांत परत जातो, आणि छिद्रातून आत गेलेली ओल कॉम्प्रेसरलाही खाते.

शिवाय हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर600ए हा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तिथेच पेटत्या ज्वाळेचं चिन्ह असतं. तो स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो. असतो अगदी थोडा, थोड्याशा ग्रॅममध्ये मोजण्याइतका, आणि हवेशीर खोलीत तो विरून जातो. पण फ्रिजच्या बंद पेटीत कोंडला आणि आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. म्हणून कधी फुस्स झालंच तर फ्रिजचं दार उघडं टाका, खिडक्या उघडा, शेगडी आणि देवाजवळची समई विझवा, जवळच्या कुठल्याही बटणाला हात न लावता बाहेरचा मेन स्विच बंद करा.

बर्फ काढायची रीत साधी आहे. थर्मोस्टॅटच्या खुंटीच्या मधोमध एक बटण असतं. बर्फाचा थर करंगळीच्या अर्ध्या जाडीएवढा झाला की रात्री जेवणं झाल्यावर ते दाबा. फ्रीजरखालचा ट्रे रिकामा ठेवा आणि तळाला एक जुना टॉवेल अंथरा. बर्फ वितळला की बटण आपोआप बाहेर येतं आणि फ्रिज सुरू होतो. सकाळी ट्रेमधलं पाणी ओतून टाका. घाई असेल तर फ्रिज बंद करून, फ्रीजरमध्ये घडी केलेल्या फडक्यावर गरम पाण्याचं भांडं ठेवा. हेअर ड्रायर नको, ओल्या फ्रिजपाशी तर नकोच.

पण मुळात इतका बर्फ का होतो? बाहेरची दमट हवा आत जातेय म्हणून. रात्री दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च लावून फ्रिजच्या आत ठेवा, दार लावा आणि कडेने बघा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथला रबर गेलाय. कोकणात पावसाळ्यात त्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने ती काढा, कोरडं पुसा. रबर आखडला असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर दाबून धरा, पुष्कळदा तो परत फुलतो. फाटला असेल तर नवा टाका. आणि आमटीचं पातेलं झाकणाशिवाय आत ठेवू नका, त्याची वाफच वर जाऊन गोठते.

अन्नाचं सांगतो. फ्रिज अन्न टिकवतो म्हणजे जिवाणूंना मंद करतो, मारत नाही. त्यासाठी आत 5 अंशांच्या खाली तापमान पाहिजे. साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. खुंटी किती आकड्यावर आहे त्यावरून कळत नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. भाजी, आमटी दोन-तीन दिवस. भाताची मात्र वेगळी काळजी घ्या. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, बाहेर राहिलेल्या कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं विष नंतर कढईत परतूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करू नका. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाताला फोडणी द्या.

मासे घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये, एक दिवस, फार तर दोन. त्यांचं पाणी कोथिंबिरीवर गळता कामा नये. कांदे-बटाटे आणि न पिकलेला आंबा बाहेरच बरा. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर ते मधल्या फळीवर, 2 ते 8 अंशांत. फ्रीजरमध्ये नाही, त्याला चिकटूनही नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

वीज गेली तर दार बंद ठेवा, चार तास फारशी चिंता नाही. आणखी एक सवय लावून घ्या. फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो. गावाहून परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. ते मासे टाकून द्या, वास येत नसला तरी.

मागे पाणी साठायचा ट्रे असेल तर तो दर आठवड्याला ओतून, आतून घासून ठेवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ती अंडी कोरड्या ट्रेच्या कडेला महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही.

आणि तो पडवीतला फ्रिज. तुम्ही चार वर्षांच्या मुलीचा उल्लेख केलाय, म्हणून सांगतो: त्याचं दार आजच काढा. लपाछपीत मूल आत बसतं, दार लागतं, आत हवा पुरत नाही आणि आरडाओरडा बाहेर ऐकू येत नाही. अमेरिकेत अशी इतकी मुलं गेली की 1956 साली दार आतून उघडता आलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. चुंबकाच्या रबराचं दार जुन्या कडीपेक्षा हलकं असतं खरं, पण घाबरलेल्या, अंग मुडपून बसलेल्या लहान मुलाला ते रेटता येईलच असं नाही. दोन बिजागऱ्यांचे स्क्रू आहेत, पंधरा मिनिटांचं काम. दाराविना कपाट करायचं असेल तर खुशाल करा. नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. आतला गॅस हवेत सोडून नुसतं भंगार तोडणाऱ्याला देऊ नका.

तुमचा प्लग वायरमन येईपर्यंत काढलेलाच असू द्या. सॉकेट उघडल्यावर आत काय दिसलं त्याचा आणि फ्रिजच्या मागच्या स्टिकरचा फोटो इथे टाका. मी रात्री दुकान बंद केल्यावर बघतो, आणि कॉम्प्रेसर ठेवायचा की नाही ते तेव्हा सांगतो.